दारातून न निघणारा सोफा

आमच्या घरात न मिटणारी गोष्ट एकच होती, आईचं तोंड. बाकी सगळं मिटायचं. टेबल मिटायचं, खुर्च्या मिटायच्या, आमच्या दोघींच्या खाटा सकाळी मिटून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. कपाट नव्हतं. कपडे दोन बॅगांत असायचे आणि त्या बॅगांना खाली चाकं होती. माझ्या मैत्रिणी पहिल्यांदा घरी आल्या की इकडेतिकडे बघून विचारायच्या, "सामान अजून यायचंय का?" त्यांना काय सांगणार, की आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं.

आईचा नियम साधा होता. एका हाताने उचलून दाराबाहेर नेता येईल, तेवढीच वस्तू घरात येईल. मग दुसरा हात कशाला रिकामा, असं मी लहानपणी एकदा विचारलं. "दुसऱ्या हातात तू," ती म्हणाली. पुढे मी कॉलेजात गेले, तिच्यापेक्षा वीतभर उंच झाले, शाळेत गणित शिकवायला लागले, तरी तिच्या डोक्यात माझी नेमणूक तीच राहिली.

दारामागे एक खुंटी होती आणि खुंटीला एक पिशवी. खुंटी आमच्या आधीपासूनची. आई दिवसभर खिळे ठोकायचं काम करायची, पण घरच्या भिंतीत तिने कधी एक खिळा ठोकला नाही. "भिंत दुसऱ्याची आहे," म्हणायची. पिशवीत तिची शाल, दोघींचे दोन-दोन कपडे, टॉवेल, विजेरी, पाण्याची बाटली आणि माझा लाल स्वेटर. थंडी सुरू झाली की ती पिशवी उलटी करायची, विजेरीचे सेल बदलायची आणि माझे कपडे माझ्या नव्या मापाचे भरायची. लाल स्वेटर मात्र तोच. तो घालून मी या देशात आले होते, आईच्या कडेवरून. आता तो माझ्या कोपरापर्यंतही चढला नसता.

मला त्या पिशवीचा राग यायचा. आल्यागेल्यासमोर दार लावलं की ती दिसायची. आई कोणालाही सांगायची, "कापडी पिशवी आहे, लागते वेळेला." कसली वेळ ते सांगायची नाही.

ती वेळ तिने मला एकदाच सांगितली, तीही खुर्चीची फाटलेली गादी उसवता उसवता, मान वर न करता. आमच्या जुन्या घरात बाबांनी एक कपाट करून घेतलं होतं. चांगल्या लाकडाचं, भलंमोठं. चार माणसांना हलायचं नाही आणि घरात जे काही होतं ते सगळं त्या कपाटात. गल्लीच्या तोंडाशी घरं जळायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले, तू पोरीला घेऊन पुढे हो, मी कपाटाची काहीतरी सोय लावतो आणि संध्याकाळपर्यंत येतो. आई पुढे झाली. बाबा आले नाहीत. कोणी म्हणालं रस्ता बंद झाला, कोणी वेगळंच काही म्हणालं. आईचं मत ठाम होतं. बाबांना कपाटाने धरून ठेवलं.

त्यानंतर ज्या बाईने एका हाताने उचलता येईल तेवढंच घरात घेतलं, तिला हसायचं कसं? तरी मी हसायचे, कारण ती स्वतः काही कमी नव्हती.

तिचं काम म्हणजे जुन्या सोफ्या-खुर्च्यांना नवा कापूस भरून नवं कापड चढवणं. इथे आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती. कारखान्याच्या दारात उभी राहून तिने आतल्या एका खुर्चीकडे बोट दाखवलं, जाऊन ती उलटी केली आणि तिचा सैल झालेला पट्टा ताणून दाखवला. मालकाने तिला ठेवून घेतलं. सुरुवातीला तिच्याकडे फक्त उसवायचं काम होतं. लोकांच्या सोफ्यांतली वर्षानुवर्षांची धूळ, काथ्या, केसांच्या पिना आणि हरवलेली बटणं काढत ती भाषा शिकली. मी एका खोक्यात कापसावर बसून खेळायचे. माझ्या डोक्यात कायम कापसाचे पुंजके असायचे आणि शाळेतली पोरं मला 'उशी' म्हणायची. पुढे आई त्या कारखान्यातली सगळ्यात चांगली कारागीर झाली. हे तिचं स्वतःचंच मत होतं, पण इतरांचंही तेच होतं.

कारखान्यात मात्र तिचं तोंड मिटायचं. कापड ताणून ठोकायची वेळ आली की ती बारीक खिळ्यांची चिमूट तोंडात टाकायची. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाने तो उचलायचा आणि एका घावात बसवायचा. तोंडात खिळे असताना बोलता येत नाही. मालक म्हणायचे, "तुझ्या आईला कामाला लावलं की दोन फायदे होतात. सोफा होतो आणि मला जरा ऐकू यायला लागतं."

मला तिचे आभार मानायचे होते. हे वाचायला सोपं वाटतं. शाळेत नोकरी लागली त्या दिवशी मी घरी येताना रस्ताभर वाक्यं जुळवत आले. दारात पाऊल टाकून "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय" म्हटलं, तर ती म्हणाली, "आधी चप्पल बाहेर काढ." मग म्हणाली, "जेव." मग म्हणाली, "आता झोप, उद्या उशीर नको पहिल्याच दिवशी." पुढे शाळेच्या समारंभात मला चार शब्द बोलायला सांगितलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. मी व्यासपीठावरून "माझी आई" एवढंच म्हटलं, तर ही उठली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीची गादी उलटी करून बघायला लागली. सगळं सभागृह तिच्याकडे बघायला लागलं. मी तशीच व्यासपीठावरून खाली उतरले. नंतर म्हणाली, "आभार परक्यांचे मानायचे असतात. आणि त्या खुर्च्या कोणी भरल्यात? पैसे फुकट घेतलेत."

तर अशी ही आई, आणि तिच्यापुढे आला वरच्या आजींचा प्रश्न.

वरच्या आजी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. आम्ही खालच्या दोन खोल्यांत, त्या वरच्या मजल्यावर. मी लहान असताना आईला मला कारखान्यात नेता आलं नाही की त्या मला वर नेऊन बसवायच्या, त्यामुळे मला त्यांचा निम्मा स्वभाव लागला आहे, असं आई म्हणते. चांगला की वाईट ते सांगत नाही. आता त्यांना जिना झेपेना. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. जाण्याआधी त्या खाली आल्या, आमच्या मिटणाऱ्या खुर्चीवर जपून बसल्या आणि आईला म्हणाल्या, "हे बघ, मी गेले की मुलगा सगळं घर विकून टाकेल. तुझ्या दोन खोल्या मला तुझ्या नावावर करायच्यात. मी त्याला बोलले आहे, तो नाही म्हणत नाही. तू फक्त हो म्हण."

"बघू, मावशी," आई म्हणाली.

"बघायचं काय त्यात? बघून बघून तुझे केस पांढरे झाले."

"बघू म्हटलं ना."

आजी वर गेल्या. मग मी आईशी भांडले. म्हटलं, आपल्याला कोणी घर देतंय आणि तू बघू म्हणतेस? महिनाअखेरीस आजी गेल्या की आपण रस्त्यावर. नवा मालक येणार, तो काय आपल्याला ठेवून घेणार आहे? आई कांदा चिरत होती. म्हणाली, "दोन बॅगा आहेत. जाऊ कुठेतरी. आपल्याला वेळ किती लागतो?" हे ती अभिमानाने म्हणाली. आणि खरंच होतं ते, आम्ही दोघी चहा गार व्हायच्या आत घर रिकामं करून दाखवलं असतं. पण मला कुठेच जायचं नव्हतं. माझी शाळा इथे होती, मी पडून गुडघा फोडला ती पायरी इथे होती. मला हे घर हवं होतं आणि त्याहून जास्त मला ती या घरात हवी होती, बॅगांची चाकं काढून.

त्याच सुमारास कारखान्याचं छप्पर गळायला लागलं. मालकांनी दुरुस्ती काढली आणि कामं घरोघरी वाटली. आईच्या वाट्याला दातांच्या डॉक्टरांचा सोफा आला. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसायला तिघांचा, मजबूत, नवा करकरीत सोफा हवा होता. आई म्हणाली, "दात काढायला आलेला माणूस बसतो कुठे? काठावर. पण काठ चांगला पाहिजे." तिने दवाखान्यात जाऊन गळ्यातल्या टेपने दार मोजलं, परत येताना पुन्हा मोजलं, आणि डॉक्टर बघत होते म्हणून तिसऱ्यांदाही मोजलं.

सुतार लाकडं सुटी घेऊन आला आणि आमच्या पुढच्या खोलीत त्याने सांगाडा जोडला. साधारणपणे सोफ्याचे हात बोल्टने जोडतात, लागले तर काढता येतात. आईला डुगडुगणाऱ्या हातांची चीड होती. ती सुताराच्या डोक्यावर उभी राहिली. "सरस लाव. अजून लाव. स्क्रूही मार. आठवड्याभराने कुरकुरायला लागला तर तुझं नाव सांगेन." सुतार बोल्टच लावू म्हणत होता, पण गरीब माणूस, त्याने हात असे बसवले की एकसंध लाकूडच झालं.

मग आई लागली. पट्टे ताणले, स्प्रिंगा बांधल्या, काथ्या, त्यावर कापूस, त्यावर गडद हिरवं कापड. आम्ही दोघी भिंतीला चिकटून ये-जा करायला लागलो. स्वयंपाकघरात जायचं तर सोफ्याच्या पाठीमागून अंग चोरून जावं लागे. मी शाळेतून येऊन रोज तो सोफा बघत होते. रोज त्या दारातून आत येत होते आणि रोज पाचवी-सहावीच्या मुलांना लांबी, रुंदी, उंची शिकवून येत होते. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर हे फार वेळा फेकून मारण्यात आलं.

सोफा न्यायला टेम्पोवाला आणि त्याचा मेहुणा आले. दोघांनी सोफा उचलला, दारापर्यंत नेला आणि ठेवला. मग आडवा करून नेला. मग उभा करून. मग पाठ वर करून. मग मेहुणा बाहेर गेला आणि टेम्पोवाला आत राहिला, मग टेम्पोवाला बाहेर गेला आणि मेहुणा आत. सोफ्याचा एक पाय दाराबाहेर गेला की आम्हाला आशा वाटायची, आणि मग सगळं तिथेच अडायचं. वरच्या आजी जिन्यात बसून सूचना देत होत्या. "डावीकडून घ्या. अहो, तुमचं डावं नव्हे, माझं." समोरच्या वाण्याने दुकान सोडून येऊन सांगितलं की खिडकीतून काढा. खिडकीला गज होते आणि ते त्याला त्याच्या दुकानातूनही दिसत होते.

शेवटी टेम्पोवाल्याने घाम पुसला आणि आईला विचारलं, "बाई, दार मोजलं होतं ना?"

"तीनदा," आई म्हणाली.

"हे दार?"

आई गप्प झाली. तोंडात एकही खिळा नसताना. मी हे पहिल्यांदा बघत होते. तिने गळ्यातली टेप काढली, दाराच्या चौकटीला लावली, बघितलं, आणि टेप पुन्हा गळ्यात टाकली. शहरभरच्या लोकांची दारं मोजणाऱ्या बाईने स्वतःच्या घराचं दार कधी मोजलंच नव्हतं. तिला मोजायचं कारणच पडलं नव्हतं. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट दाराबाहेर जाते हे ती धरूनच चालली होती.

मी हसायला लागले. थांबवता येईना. वरच्या आजीही हसायला लागल्या, टेम्पोवाला आधी भीत भीत आणि मग मोकळेपणाने. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गणिताच्या मास्तरीणबाई, तुम्हाला दिसलं नाही ते?"

त्यानंतर तिने हार मानली असती तर ती आई कसली. एका हाताचं कापड उसवलं, आतला कापूस आणि काथ्या काढला. तेवढ्याने चार बोटं मिळतील असा तिचा हिशेब होता. चार बोटं मिळाली आणि पाच कमी पडली. आता एकच उपाय राहिला. सुताराला बोलवायचं, हात कापून काढायचा आणि दवाखान्यात नेऊन पुन्हा जोडायचा. सुतार दुपारी करवत घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं होतं ना' असा भाव होता, पण आईसमोर तो भाव बोलला नाही.

त्याने करवत लाकडाला लावली. एकदा पुढे, एकदा मागे. भुसा खाली पडला.

"थांब," आई म्हणाली.

सुतार थांबला. आई पुढे आली आणि त्या उघड्या हाताजवळ वाकली. करवतीने लाकडावर नखभर खाच पडली होती. तिने त्या खाचेवरून अंगठा फिरवला. मी बाजूला उभी होते, मला तिचा चेहरा दिसत होता. मला वाटलं सुताराला काहीतरी नवीन सुनावणार.

"राहू दे," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना दुसरा करून देते."

"आणि हा?"

"हा राहील. चांगला जोडलायस तू. कापवत नाही."

सुतार बिचारा आमच्याकडे कामाला येऊन पहिल्यांदाच कौतुक ऐकत होता. त्याने पटकन करवत गुंडाळली, हिचं मन बदलायच्या आत.

छप्पर दुरुस्त झालं. आईने कारखान्यात डॉक्टरांसाठी दुसरा सोफा केला, बोल्टचा. आमच्या सोफ्याच्या हातातून काढलेला कापूस त्यात गेला. आमच्याकडचा सोफा तसाच राहिला, एक हात भरलेला, एक हात उघडा, आतली लाकडं दिसतायत. आणि आमच्याकडे आता घरभर तो सोफा आणि त्यावर कोणीही बसायचं नाही. आई त्याच्या समोर मिटणारी खुर्ची टाकून बसायची आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायची. मीही तेच करायचे. न बोलावता घरात येऊन राहिलेल्या पाहुण्यासमोर बसावं तशा आम्ही दोघी बसायचो. मी म्हटलं, "आई, बसू का त्यावर?" तर म्हणाली, "अर्धवट आहे अजून." म्हटलं, "मग पूर्ण कर." म्हणाली, "बघू."

हा शब्द आता मला ऐकवत नव्हता.

आजींचा निघायचा दिवस जवळ आला. मुलगा रविवारी त्यांना न्यायला येणार होता. शनिवारी सकाळी मी शाळेत निघाले होते, तेव्हा त्या जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी खाली आल्या आणि सरळ त्या सोफ्यावर बसल्या. विचारलं नाही, काही नाही. पाठ टेकली, पाय पसरले. आई काही म्हणणार होती, पण त्या म्हणाल्या, "मोठ्यांना उठवू नये." मग म्हणाल्या, "मुलगा उद्या येतोय. जे काय आहे ते आज संध्याकाळपर्यंत सांग. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पण बघू म्हणालीस तर आता या वयात काठी मारेन."

आईने त्यांना जिन्यावर हात देऊन वर पोचवलं. उतरून आली ती थेट आत गेली. मी दारात उभी राहून म्हटलं, "आई." ती म्हणाली, "शाळेला उशीर होतोय." त्या दिवशी मी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. वाटेत एकच विचार होता, की ती नाही म्हणणार. आणि नाही म्हणाली तर मी तिच्याशी भांडणारही नाही, दोन बॅगांतली एक ओढत तिच्या मागून चालायला लागेन, कारण दुसरं काही मला येतच नाही. हेही तिनेच शिकवलेलं.

शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारी मी घरी आले तर दार उघडं होतं आणि हातोडीचा आवाज येत होता. आई सोफ्याजवळ जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. हिरवं कापड त्या उघड्या हातावर अर्धं ताणलेलं होतं आणि तिचे गाल फुगलेले होते, म्हणजे तोंडात खिळे. मी दार लावलं. दारामागची पिशवी खुंटीवर नव्हती. ती जमिनीवर पडली होती, चपटी, रिकामी.

मी वाकून बघितलं. सोफ्याच्या हातात, लाकडाच्या पट्ट्यांमध्ये, आईची शाल नीट घड्या घालून दाबून बसवली होती. तिच्या बाजूला टॉवेल. त्यावर आमचे कपडे, तिचे आणि माझे. सगळ्यात वर, हात ठेवतात तिथे, लाल स्वेटर. त्याची एक बाही कापडाखालून बाहेर आली होती.

आईने माझ्याकडे बघितलं. मग बाहेर आलेल्या बाहीकडे. मग खांदे उडवले, म्हणजे कापूस नव्हता, दुसरं काय घालणार.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या तोंडात खिळे आहेत.

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. म्हटलं, "आई, आता मी बोलणार आहे आणि तू ऐकणार आहेस." तिने भुवया उचलल्या. एक खिळा ओठांवर आला, हातोडीने उचलला, ठक.

मी म्हटलं, "तू मला कडेवर घेऊन आलीस. मला काहीच आठवत नाही, आणि मला आठवत नाही हेसुद्धा तुझंच काम आहे. मला फक्त कापसाचं खोकं आठवतं आणि त्यात झोपलेलं आठवतं. तू ज्या देशात कोणाला ओळखत नव्हतीस तिथे उकिडवी बसून लोकांची धूळ काढलीस आणि घरी येऊन मला पाढे म्हणायला लावलेस, तेही तुला येत नव्हती त्या भाषेत." ठक. "तू चुकत होतीस पाढ्यात. मी सांगितलं नाही कधी. मला वाटायचं तू मुद्दाम चुकतेस, मी सुधारावं म्हणून." ठक. "तू बाबांबद्दल माझ्यासमोर कधी रडली नाहीस. मला वाटायचं तुला रडू येत नाही. मोठी झाल्यावर कळलं, की तू कारखान्यात जाऊन रडत असशील, तिथे तोंडात खिळे असतात, कोणी विचारत नाही."

तिने कापड ताणलं. कापडाची रेघ सरळ होती. लाल बाही तिने बोटाने आत ढकलली आणि कापड वरून ओढून घेतलं.

"मला तुझा फार राग येतो," मी म्हटलं, "त्या पिशवीचा, त्या बॅगांचा, तुझ्या बघू-बघूचा. पण माझं जे काही आहे ते सगळं तू केलंस. एका हाताने. दुसऱ्या हातात मी होते. मला तुझे आभार मानायचे होते आणि तू मला चप्पल काढायला सांगितलंस. आई, मी आभार मानते. मानले. आता काय करायचं ते कर."

मी रडत होते. आईने हातोडी उचलली, कडेला, कोपऱ्याला, खाली वाकून पाठीमागे. कापड पूर्ण बसलं. तिने तळहाताने हात दाबून बघितला, दोनदा थोपटला. मग जिथे करवतीची खाच होती त्या जागेवर हात ठेवून बसून राहिली. हातोडी खाली ठेवली होती. गाल मात्र तसेच फुगलेले. मी वाट बघत होते, की आता ती खिळे काढेल आणि म्हणेल, नाक पूस.



शेवटी मी तळहात तिच्या तोंडासमोर धरला, लहानपणी कारखान्यात धरायचे तसा, उरलेले खिळे घ्यायला. आईने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. आत एकही खिळा नव्हता. केव्हापासून नव्हता ते मला कळलं नाही.

"झालं बोलून?" तिने विचारलं. आवाज जरा बसला होता. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, सोफ्यावर बसली, आधी काठावर, मग मागे सरकून, आणि कोपर त्या नव्या हातावर टेकवलं. "वर जाऊन आजींना सांग, आम्ही राहतोय म्हणावं. सोफा निघत नाही दारातून." मग पायाने ती रिकामी पिशवी माझ्याकडे सरकवली. "आणि येताना यात भाजी घेऊन ये."